एव्हबरी: पाषाणवर्तुळ, चर्च आणि पब

पॅरिश या शब्दाचा मूळ अर्थ एका चर्चच्या आणि तेथील धर्मगुरूच्या देखरेखीखालील टापू असा असला, तरी इंग्लंडच्या ग्रामीण भागात त्याची व्याप्ती उपासनेपुरती राहिली नाही. शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देण्याची सक्ती, १५३८ पासून ठेवल्या जाऊ लागलेल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या, आणि १६०१ च्या कायद्याने निराधारांच्या पोषणाची पॅरिशवर सोपवलेली जबाबदारी यांमुळे ते गावाच्या कारभाराचेही एकक बनले. अशा गावाचा इतिहास सामान्यतः चर्च आणि पब या दोन वास्तूंच्या आधारे वाचता येतो. विल्टशर परगण्यातील एव्हबरी येथे मात्र या दोहोंहून कितीतरी प्राचीन असे पाषाणवर्तुळ गावाला वेढून आहे, आणि गावाचा पुढील इतिहास म्हणजे या वर्तुळातील दगडांशी गावकऱ्यांनी वेळोवेळी केलेल्या व्यवहाराचाच इतिहास होय.

ही रचना इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकातील आहे. मातीचा वर्तुळाकार तट आणि त्याच्या आतल्या बाजूस खोदलेला खंदक अशा स्थळास पुरातत्त्वात ‘हेंज’ म्हणतात. खंदक तटाबाहेर नसून आत असल्यामुळे ती तटबंदी संरक्षणासाठी नसावी, असे मानले जाते. हरणांच्या शिंगांनी खडूच्या भूस्तरात खोदलेला येथील खंदक मुळात सुमारे ९ मीटर खोल होता, तर त्याच्या आतील कडेने उभारलेल्या सुमारे १०० शिळांच्या वर्तुळाचा व्यास ३३० मीटरांच्या आसपास भरतो, आणि त्याच्या पोटात आणखी दोन लहान वर्तुळे आहेत. या शिळा ‘सार्सन’ नावाच्या अतिशय कठीण वालुकाश्माच्या असून तो दगड जवळपासच्या माळांवर सुटा पडलेला मिळत असे. त्यामुळे त्या घडवण्यापेक्षा ओढून आणून उभ्या करण्यातच खरे श्रम होते.

सेंट जेम्स चर्च या तटाच्या बाहेर, पश्चिमेस उभे आहे. त्याचा मधला भाग नॉर्मन विजयापूर्वीचा, म्हणजे इसवी सन १००० च्या सुमाराचा असून बाजूच्या ओवऱ्या आणि बाप्तिस्म्याचे कोरीव दगडी पात्र नंतरच्या नॉर्मन काळातील आहे. उपासकांची जागा आणि वेदीचा भाग यांच्यामध्ये क्रूसमूर्तीसाठी बांधलेली लाकडी माडी हे या चर्चचे विशेष लक्षण ठरते; कारण १६ व्या शतकातील धर्मसुधारणेच्या काळात इंग्लंडमधील अशा बहुतेक माड्या पाडण्यात आल्या, पण येथील माडी गिलाव्याआड झाकली गेल्यामुळे वाचली आणि १९ व्या शतकात पुन्हा उजेडात आली.

१४ व्या शतकात वर्तुळातील अनेक शिळा खड्डे खणून त्यांत आडव्या पुरण्यात आल्या. मूर्तिपूजकांच्या या खुणांविषयी चर्चला वाटणारा तिटकारा हे त्याचे कारण अनेकदा सांगितले जाते, परंतु शेतजमीन मोकळी करण्याचा हेतूही त्यामागे असू शकतो. १९३८ मध्ये अशाच एका शिळेखाली पुरुषाचा सांगाडा, कात्री आणि १४ व्या शतकाच्या आरंभीची नाणी सापडली. हा पुरुष हजामत आणि शस्त्रक्रिया ही दोन्ही कामे करणारा कारागीर असून शिळा कोसळून चिरडला गेला असावा, असे तेव्हा मानले गेले. मात्र लंडनवरील बॉम्बवर्षावात नष्ट झाल्याचे समजलेला तो सांगाडा १९९० च्या दशकात पुन्हा मिळून तपासला गेला, तेव्हा या समजुतीला आधार सापडला नाही.

शिळा पुरण्याऐवजी फोडण्यास १७ व्या शतकात जोर आला. १६६५ च्या कायद्याने, अधिकृत चर्चची शिस्त न मानणाऱ्या धर्मोपदेशकांना सनदी शहरांच्या ५ मैलांच्या आत राहण्यास मनाई केली. मार्लबरो, कॅल्न आणि डिव्हाइझेस ही तिन्ही शहरे ५ मैलांपलीकडे असल्यामुळे अशा मंडळींना एव्हबरी सोयीचे वाटले, आणि त्यांचे प्रार्थनागृह वर्तुळाच्या आतच, फोडलेल्या सार्सन दगडांत उभे राहिले. दगड फोडण्याची रीत अशी की, शिळा खड्ड्यात पाडून तिच्याभोवती गवताचा जाळ करावा, ती तापली की थंड पाण्याची धार सोडून तडा पाडावा आणि मग घणाचे घाव घालावेत. एव्हबरीत पहिल्यांदा ही रीत वापरली गेली ती गावातील प्रवासी सराईसमोरच्या शिळेवर, आणि त्या एका शिळेतून निघालेल्या २० गाड्या दगडांत सराईच्या भोजनगृहाची बाजू बांधली गेली, अशी नोंद विल्यम स्टक्ली या पुराणवस्तू-अभ्यासकाने केली आहे. आज वर्तुळाच्या मध्याजवळ रस्ते मिळतात तेथे असलेला गवती छपराचा ‘रेड लायन’ हा पबही १७ व्या शतकातील इमारतीत असून, १९ व्या शतकाच्या आरंभापासून त्या इमारतीत मद्यविक्री होत आली आहे.

विद्वानांचे लक्ष या स्थळाकडे वळले ते नेमके या विध्वंसाच्या काळातच. १६४९ मध्ये शिकारीच्या निमित्ताने आलेल्या जॉन ऑब्रीने त्याचे महत्त्व ओळखले आणि १६६३ मध्ये राजा दुसरा चार्ल्स यास ते दाखवले. पुढे स्टक्लीने १७१९ पासून काही वर्षे येथे येऊन मोजमापे आणि चित्रे तयार केली, आणि १७४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात नाहीशा झालेल्या अनेक शिळांच्या जागा सुरक्षित राहिल्या.

त्या नोंदींचा आधार २० व्या शतकात अलेक्झांडर किलरला मिळाला. घराण्याच्या मुरंब्याच्या व्यवसायातून आलेल्या संपत्तीवर त्याने येथील जमीन विकत घेतली, १९३४ ते १९३९ या काळात उत्खनन करून पुरलेल्या शिळा उभ्या केल्या आणि हरवलेल्यांच्या जागी काँक्रीटचे खुंट रोवले. मात्र प्राचीन रचना मोकळी दिसावी म्हणून वर्तुळातील काही घरे आणि गोठेही पाडण्यात आले, आणि तेथील रहिवाशांना तटाबाहेर जावे लागले. १९४३ मध्ये हे स्थळ नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आले आणि १९८६ मध्ये स्टोनहेंजसह त्याची जागतिक वारसा स्थळांत नोंद झाली.

शिळा फोडून घरे बांधणारे गावकरी आणि शिळांसाठी घरे पाडणारा संशोधक यांच्या कृती परस्परविरोधी भासल्या, तरी या जागेचे कोणते रूप टिकवावे आणि कोणते मोडावे याचा निर्णय दोघांनीही आपापल्या काळाच्या गरजेने केला. किलरचे खुंट शिळा कोठे होत्या एवढेच दर्शवतात. त्या शिळा कोठे गेल्या याचे उत्तर मात्र गावाच्या भिंतींत आहे.