आंबील ओढ्याचें जुनें पात्र

पुण्याच्या इतिहासाचा अभ्यास करणारांचें लक्ष वाडे, देवळें, पेठा व दप्तरें यांकडे जितकें गेलें, तितकें शहरांतून वाहणाऱ्या ओढ्यानाल्यांकडे गेलेलें नाहीं. ओढा कागद करीत नाहीं, शिक्का उठवीत नाहीं, आपला तंटा पंचांपुढें मांडीत नाहीं. तेव्हां संशोधकानें त्याची दखल उशिरां घ्यावी हें साहजिक आहे. परंतु ज्या ओढ्यानें जुन्या कसब्याची एक बाजू राखिली व जो हालविल्यावांचून पश्चिमेकडील पेठांस जागाच मिळाली नसती, त्यास गौण मानणें आम्हांस सयुक्तिक वाटत नाहीं. शिवाय 25 सप्टेंबर 2019 च्या रात्रीं या ओढ्यानें आपली दखल स्वतःच घ्यावयास लाविली. त्या रात्रीं कात्रजच्या डोंगरांवर थोड्या वेळांत फार पाऊस पडला, ओढ्याचें पाणी दोन्ही कांठ सोडून वस्तींत शिरलें, टांगेवाले वसाहतींत भिंत कोसळून माणसें दगावलीं, आणि शहर व आसपासचा मुलूख मिळून वीसांहून अधिक जीव गेले. या घटनेची कारणें शोधणारांनीं अतिक्रमणें मोजलीं, पूल मोजले, राडारोडा मोजला. तें योग्यच झालें. पण ओढा मुळांत तेथें कां आला, हा प्रश्न इतिहासाचा आहे, व त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम स्थलनिर्देश. आंबील ओढा कात्रजच्या डोंगरांत उगम पावून उत्तरेस वाहतो व सुमारे दहा किलोमीटरांनंतर मुठेस मिळतो. आज तो पर्वतीच्या पश्चिमेकडून, दांडेकर पुलाखालून जातो. हें त्याचें मूळचें पात्र नव्हे. मूळ ओघ पर्वतीच्या पायथ्याच्या खोलगट भागांतून, म्हणजे जेथें आज सारसबाग आहे तेथून, सरळ उत्तरेस येऊन कसब्याच्या पश्चिमेस मुठेला मिळत असे. उत्तरेस मुठा, पूर्वेस नागझरी व पश्चिमेस आंबील ओढा अशा तीन पाण्यांच्या मध्यें उंचवट्यावर कसबें पुणें वसलेलें होतें. पुण्येश्वर व नारायणेश्वर हीं जुनीं स्थानें याच उंचवट्यावरचीं. तीन बाजूंनीं पाणी असलें म्हणजे शत्रूपासून थोडें संरक्षण मिळतें आणि पुरापासून थोडा त्रास होतो. गांवकऱ्यांनीं दोन्ही पत्करलेलीं होतीं.

सन 1636 नंतर जिजाबाई व बाल शिवाजी यांच्या वास्तव्यामुळें उजाड पडलेलें पुणें पुन्हां वसूं लागलें. त्या वेळीं दादोजी कोंडदेव यांनीं ओढ्यास पर्वतीच्या जवळ बांध घालून गांवाचा उपद्रव कमी केला, अशी परंपरा आहे. ही परंपरा आम्ही निव्वळ दंतकथा समजत नाहीं. दादोजींच्या नांवावर पुष्कळ कामें मागाहून चढविलीं गेलीं हें खरें. परंतु नवी लागवड व नवी वस्ती करावयाची तर आधीं ओढ्याचा बंदोबस्त करणें हें कोणत्याही शहाण्या कारभाऱ्यास सुचावयाचेंच, आणि बांधाला पर्वतीच्या पायथ्याइतकी सोईची जागा त्या ओघावर दुसरी नाहीं. नांव कोणाचेंही असो, काम त्या ठिकाणीं होणें हें जमिनीच्या घडणीस धरून आहे.

यानंतर शंभर वर्षांनीं बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब यांच्या कारकीर्दींत (1740 ते 1761) जें झालें, तें मात्र परंपरेवर सोडावें लागत नाहीं; तें चुन्यादगडांत उभें आहे. कात्रजला ओढ्याच्या उगमाजवळ दोन तळीं बांधण्यांत आलीं. वरच्या तळ्यांत डोंगराचा गाळ बसावा व निवळ पाणी खालच्यांत यावें, तेथून भुयारी दगडी नळानें शनिवारवाड्यापर्यंत व वाटेंतील हौदांपर्यंत जावें, अशी ही योजना. नळावर जागोजाग उच्छ्वास ठेवलेले असून त्यांतून गाळ काढण्यासाठीं माणसें उतरत. काळा हौद, बदामी हौद हीं नांवें पुणेकरांच्या तोंडीं अद्याप आहेत. दुसरें काम पर्वतीचें. टेकडीवरील देवालय 1749 सालीं झालें, व पुढें पायथ्याशीं मोठें तळें बांधून त्याच्या मध्यें बेट राखिलें. या बेटावरच्या बागेंत 1784 सालीं सवाई माधवरावांच्या वेळीं गणपतीची स्थापना झाली. तळ्याच्या कांठीं हिराबाग होती. तळ्याचें काम रेंगाळलेलें पाहून पेशवे स्वतः धोंडे उचलूं लागले व मग सरदारमंडळीही कामास लागली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. तिच्या खरेपणाविषयीं वाद घालण्यांत आम्हांस रस नाहीं. तळें कष्टानें झालें एवढा अर्थ तींतून घ्यावा.

या दोन कामांच्या बरोबर तिसरें झालें, तें म्हणजे ओढ्याचा मुख्य ओघ पश्चिमेस वळविण्याचें. आमच्या मतें या तिन्ही गोष्टी सुट्या वाचणें हीच आजवरची चूक आहे. कात्रजच्या तळ्यांचा उल्लेख पाणीपुरवठ्याच्या प्रकरणांत होतो, पर्वतीच्या तळ्याचा देवस्थानाच्या प्रकरणांत, आणि वळविलेल्या पात्राचा पेठांच्या वसाहतीच्या प्रकरणांत. वास्तविक पाणी एकच. डोंगरावर पडलेला पाऊस कात्रजला प्रथम अडे. तळें भरल्यावर सांडलेला ओघ खालीं येई. पर्वतीजवळ त्यांतला कांहीं भाग तळ्यांत पसरे. आणि राहिलेलें पाणी गांवास वळसा घालून मुठेस जाई. म्हणजे पावसाच्या लोंढ्यास दोन ठिकाणीं थांबावयास लावून तिसऱ्या ठिकाणीं वाट मोकळी करून दिली होती. जुन्या पात्राच्या पश्चिमेची भूमी त्यामुळें वस्तीस मोकळी झाली व सदाशिवपेठ तेथें वाढूं शकली.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. आजकाल पेशव्यांच्या प्रत्येक बांधकामांत आधुनिक शास्त्र शोधून काढण्याची हौस दिसते. नानासाहेबांस वाड्यांतील कारंजीं हवीं होतीं, पेठांस पाणी हवें होतें, पर्वतीखालीं नौकाविहाराजोगें रम्य स्थळ हवें होतें. लोंढा अडला हा त्या हेतूंचा आनुषंगिक लाभ होय. शिवाय ओढा वळविल्यानें पाणी नाहींसें झालें नाहीं. तें गांवाच्या दारांतून काढून रानांत नेलें एवढेंच. त्या वेळीं पश्चिमेस मळे व माळ होते. चार दिवस मळ्यांत पाणी साचलें तर कोणी दगावत नसे, उलट गाळ मिळे. हा सौदा ज्या गृहीतावर आधारलेला होता, तें गृहीत, म्हणजे नव्या पात्राच्या कांठीं माणसें राहणार नाहींत हें, मागाहून मोडलें. त्याचा दोष अठराव्या शतकास देतां येत नाहीं.

मोडण्याचा क्रम थोडक्यांत असा. 1879 च्या सुमारास खडकवासल्याचें धरण पुरें झालें व पुण्यास तेथून पाणी मिळूं लागलें. मग कात्रजच्या तळ्यांकडे पाणीपुरवठ्याचें जुनें साधन या नात्यानेंच पाहिलें गेलें, आणि जुनें साधन म्हटलें कीं गाळ कोण काढतो? तीं तळीं दुसरेंही एक काम करीत होतीं हें विस्मरणांत गेलें. पर्वतीचें तळें पुढें कोरडें करून त्याची बाग झाली. बाग सुंदर आहे व तेथील गणपतीस जाणाऱ्यांत आम्हीही आहों. पण पूर्वीं जें पाणी तेथें पसरत असे त्यास पर्यायी जागा ठेविली गेली नाहीं. नंतर डोंगराच्या उतारांवर घरें चढलीं. मुरमाच्या जमिनींत जो पाऊस जिरावयाचा, तो पत्रे, फरशी व डांबर यांवरून घटकेंत खालीं येऊं लागला. पुण्याचा वार्षिक पाऊस सत्तर सेंटिमीटरांच्या आसपास, म्हणजे कोंकणाच्या मानानें कांहींच नाहीं. पण ओढ्यास वर्षाची सरासरी कळत नाहीं, त्यास एका रात्रीचा हिशेब द्यावा लागतो. आणि त्या हिशेबाला लागणारी रुंदी कांठच्या भिंतींनीं व भरावांनीं खाल्लेली होती.

पाण्यास वाट ठेवण्याविषयीं नियमच नव्हते असें कोणी म्हणूं नये. नियम फार जुने आहेत. कौटिलीय अर्थशास्त्राची जी प्रत 1905 सालीं म्हैसुरास शामशास्त्र्यांच्या हातीं आली व 1909 सालीं छापून निघाली, तींत घराच्या पाण्याचा उताराचा मार्ग शेजाऱ्याच्या भिंतीपासून तीन पद किंवा दीड अरत्नी दूर ठेवावा व न ठेवल्यास चौपन्न पण दंड घ्यावा असें सांगितलें आहे. रस्त्यांत चिखलपाणी तुंबविणारास पाव पण, आणि राजमार्गावर त्याच्या दुप्पट. एक पोथी हातीं लागल्यानें केवढें ज्ञान मोकळें होतें, याचें हें उदाहरण आपल्या वाचकांस निराळें सांगावयास नकोच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत किल्ल्याच्या प्रकरणीं पाण्याचा विचार आधीं, बांधकाम मागाहून, असा क्रम आहे. गडावर एका झऱ्यावर विसंबून न राहतां टांकीं तळीं करून पर्जन्याचें पाणी राखण्यावर त्यांचा कटाक्ष आहे, आणि रयतेचीं झाडें तिच्या राजीखुषीवांचून तोडूं नयेत हेंही त्याच ग्रंथांत आहे.

आजचे नियमही कमी नाहींत. नदीकांठीं पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी रेषा व शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची तांबडी रेषा आंखण्याचा राज्याच्या पाटबंधारे खात्याचा दंडक 1989 चा आहे. निळ्या रेषेच्या आंत बांधकाम निषिद्ध, दोन रेषांच्या मध्यें नियंत्रित. शहराच्या 1987 च्या विकास आराखड्यानें टेकड्यांचे माथे व उतार यांवरील बांधकाम आवरलें. 1997 सालीं पालिकेंत आलेल्या तेवीस गांवांच्या टेकड्यांवर साडेनऊशे हेक्टरांहून अधिक जमीन जैववैविध्य उद्यान म्हणून राखण्यास 2015 सालीं शासनाची मंजुरी मिळाली. झाडोऱ्यानें पाऊस वरच जिरावा हा त्याचा एक लाभ. 2020 च्या एकत्रित नियमावलींत मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल साठविण्याची वा जिरविण्याची सक्ती आहे. नानासाहेबांनीं दगडानें केलें तें आतां झाडांनीं, खड्ड्यांनीं व मोकळ्या जमिनीनें करावयाचें आहे. मार्ग निराळा, पण पाण्यास थांबावयास लावणें हें मर्म तेंच.

तरी अडचण राहतेच. पंचवीस व शंभर वर्षांचे आंकडे पर्जन्यमापनाच्या नोंदींवरून काढतात, आणि हिंदुस्थानचें हवामान खातें 1875 सालचें. त्यापूर्वींचा पुरावा कागदांत व जमिनींतच शोधावा लागतो. ज्या ओढ्याचें पात्र माणसांनीं एकदां हालविलें व ज्याचें तळें पुढें नाहींसें केलें, त्याच्या बाबतींत हा जुना पुरावा गणितापेक्षां कमी मोलाचा नाहीं. तो हातीं नसला म्हणजे काय होतें, हें पूर आल्यानंतरच्या दोन वर्षांत दिसलें. ओढा सरळ व रुंद करण्याचें काम निघालें व 24 जून 2021 रोजीं दांडेकर पुलाजवळच्या वस्तींतील घरें पाडण्यास आरंभ झाला. रहिवाशांनीं विरोध केला व न्यायालयाची स्थगिती आली. ओढ्याची जागा कोणती व वस्तीची कोणती, हा वाद तेथें भर पावसाळ्यांत, संसार रस्त्यावर मांडून लढला गेला. रहिवासी म्हणत ओढा येथून नव्हता, नकाशा म्हणे आहे. ज्या ओढ्याचा एक ओघ शिवपूर्वकालीन व दुसरा पेशवाईंतला, त्याच्या कांठीं असा वाद न झाला तरच नवल. गरिबाचें छप्पर त्यांत पहिलें जातें, ही गोष्ट आम्हांस फार खटकते.

याच कारणानें आपल्या वाचकांस एक विनंती आहे. पुण्यांतील जुन्या घराण्यांकडे घरांचीं खरेदीखतें, इनामपत्रें, वाटणीपत्रें व मळ्यांचे करार अद्याप बासनांत पडून आहेत. अशा कागदांची नक्कल करतांना आपण बहुधा माणसांचीं नांवें, मिती व शिक्का टिपून घेतों आणि चतुःसीमेच्या ओळी नीरस म्हणून गाळतों. ओढ्याचा इतिहास नेमका त्या ओळींत आहे. पश्चिमेस ओढा, दक्षिणेस बांध, उत्तरेस पाट, पूर्वेस मोरी किंवा उच्छ्वास, असे उल्लेख सांपडल्यास ते मितीसह जसेच्या तसे उतरून पाठवावे. शुक्रवार, सदाशिव व नारायण या पेठांचे, तसेंच पर्वती व कात्रज या गांवांचे कागद विशेष उपयोगी पडतील. नागझरीच्या बाजूचे, दारूवाला पुलाच्या आसपासचे कागदही वगळूं नयेत. ज्यांचे वाडे पडले व कागद मात्र राहिले, त्यांनीं वाड्याची जागा आजच्या खुणेनें सांगितली तर नकाशावर बिंदू मांडतां येईल. अस्सल कागद पाठविण्याची आवश्यकता नाहीं. नक्कल पुरे, मात्र चतुःसीमेची एकही ओळ तींत गाळलेली नसावी.