मुखपृष्ठावरचा इतिहास : नेहमी दिसणाऱ्या चुका आणि त्या कशा ओळखाव्यात

"चवदार तळ्यावर बाबासाहेबांच्या हातात संविधान होतं का?" आमच्या अभ्यासिकेतल्या सातवीच्या मुलीने विचारले. तिच्याकडच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तसेच चित्र होते. अनेकांच्या मनात इतिहास आधी चित्रातूनच उतरतो. म्हणून काही नेहमीच्या चुका येथे एकत्र देत आहे.

महाड सत्याग्रह
२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना छत्तीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. संविधान सभेने संविधान स्वीकारले ते २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, म्हणजे बावीस वर्षांनी. तरीही चित्रात साठीतले बाबासाहेब संविधान घेऊन उभे असतात. कित्येकदा ते एकटेच पाणी पिताना दिसतात. प्रत्यक्षात परिषदेला आलेले लोक हजारोंच्या संख्येने मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. चित्रातून लोक गाळले की सामूहिक लढा एकट्याचा चमत्कार वाटू लागतो.

धम्मदीक्षा
१४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या छायाचित्रांत बाबासाहेब आणि माईसाहेब पांढऱ्या वस्त्रांत आहेत. या सोहळ्यावरील पुस्तकावर निळा कोट आणि टाय दाखवणे चूक आहे.

तथागत बुद्ध
- ढेरपोट्या 'लाफिंग बुद्धा' म्हणजे गौतम बुद्ध नव्हेत. ती सुमारे दहाव्या शतकातल्या बुदाई या चिनी भिक्खूची प्रतिमा आहे.
- भूमिस्पर्श मुद्रा संबोधीची, धम्मचक्र मुद्रा सारनाथच्या पहिल्या उपदेशाची. उजव्या कुशीवर पहुडलेली मूर्ती महापरिनिर्वाणाची असते. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात ती पाहता येते.
- बुद्धांच्या हयातीतले एकही चित्र उपलब्ध नाही. सांची, भारहुतच्या शिल्पांत त्यांच्या जागी बोधिवृक्ष, पदचिन्हे, रिकामे आसन आहे. गांधार आणि मथुरेच्या मूर्ती काही शतकांनंतरच्या.

सम्राट अशोक
मुखपृष्ठांवर बहुतेक वेळा मालिकेतल्या नटासारखा चेहरा असतो. कर्नाटकातील कनगनहळ्ळी येथील शिल्पावर मात्र अशोकांचे नाव ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. तेही त्यांच्या काळानंतरचे, पण निदान प्राचीन आहे.

मग संविधान हातात घेतलेला पुतळा चूक का?
नाही. ते प्रतीक आहे आणि प्रतीकाला तारीख नसते. पण पुस्तक विशिष्ट दिवसाच्या घटनेवर असेल, तर चित्रानेही ती तारीख पाळली पाहिजे. आपला इतिहास आधीच पुसला गेला आहे. उरलेला तरी आपल्या हातून धूसर होऊ नये.

काय तपासावे?
1. घटनेचे वर्ष आणि त्या वेळचे वय.
2. वेशभूषा आणि हातातली वस्तू. त्या काळचे छायाचित्र असल्यास ताडून पाहावे.
3. घटनेत आणखी कोण होते? ते चित्रात आहेत का?
4. चित्र कल्पनेतले असल्यास आतल्या पानावर तशी नोंद आहे का?

चूक आढळल्यास प्रकाशकाला पुराव्यासह कळवावे, म्हणजे पुढच्या आवृत्तीत सुधारणा होऊ शकते. त्याआधी आपल्याच मंडळाची जयंतीची स्मरणिका आणि बॅनर तपासावेत. त्या मुलीला पुढचे चित्र कदाचित तिथेच दिसणार आहे.