पहिल्या पावसात मुका होणारा फोन : जमिनीखालच्या जोडांचा इतिहास

खानदेशात पाऊस तसा बेताचाच. धुळ्यात वर्षाकाठी साधारण ६०० मिलिमीटर, जळगावात ७०० च्या आसपास; कोकणाच्या तुलनेत हे आकडे किरकोळच. तरीही घरोघरी तारेचे फोन होते त्या काळात मृगाची पहिली दमदार सर कोसळली की या शहरांतले फोन आधी खरखरू लागत, मग त्यांत तिसऱ्याच कुणाचे बोलणे ऐकू येई आणि दोन दिवसांत ते मुके होत. इतक्या थोड्या पावसात असे का व्हावे? उत्तर जमिनीखाली आहे. त्यासाठी मात्र पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागेल.

मित्रहो, भारतात तार जमिनीखालून नेण्याचा पहिला मोठा प्रयत्न विल्यम ओ'शॉनेसी या डॉक्टरने केला. हा गृहस्थ मुळात ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य. १८३९ साली त्याने कलकत्त्याजवळ तारायंत्राचे प्रयोग केले आणि १८५०-५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार टाकली. तिच्या भूमिगत भागासाठी त्याने लोखंडी सळई वितळलेल्या डांबरात भिजवलेल्या मद्रासी कापडात गुंडाळली, ती छपराच्या कौलांत ठेवली आणि कौले वाळू व राळेच्या मिश्रणाने भरून टाकली. जे बाजारात मिळाले, त्यातून पाण्याविरुद्ध तटबंदी उभारण्याचा हा खटाटोप होता. खर्च आणि कष्ट पाहता देशभर हे शक्य नव्हते. म्हणून १८५३ नंतर कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास यांना जोडणाऱ्या लांब तारा प्रामुख्याने खांबांवरून गेल्या.

खांबांवरच्या तारेला पाण्याचे भय कमी, माणसाचे अधिक. १८५८ च्या उत्तरार्धात तात्या टोपे यांच्या फौजेने निमाडात मुंबई-आग्रा रस्ता ओलांडताना तारा तोडून टाकल्या. हा तोच रस्ता, जो धुळे आणि शिरपूरवरून सेंधव्याच्या घाटाकडे चढतो. उघड्यावरची तार कुणीही तोडू शकतो. पण ती कुठे तुटली हेही लगेच दिसते. जमिनीखालची तार माणसापासून बरीचशी सुरक्षित राहते. तिचा घात मात्र कुणाला न दिसता होतो.

तारायंत्राला गावासाठी एखाददुसरी तार पुरत असे. दूरध्वनीचे तसे नव्हते. २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली, तेव्हापासून हिशेब बदलला. प्रत्येक ग्राहकासाठी केंद्रापासून घरापर्यंत स्वतंत्र तारांची जोडी हवी. ग्राहक शंभरांवरून हजारांवर गेले की तारांचे एवढे जाळे खांबांवर पेलवत नाही. मग शेकडो जोड्या एका आवरणात बांधून जमिनीत पुरणे, एवढाच मार्ग उरतो.

त्या तारांमध्ये भरायचे काय? मलायातील झाडांच्या चिकापासून बनणारे गट्टा-पर्चा समुद्राखालच्या तारांना उत्तम मानवले. पाण्यात ते टिकते, उघड्या हवेत वाळून तडकते. शिवाय त्याच्या आवरणातून बोलण्याचा आवाज थोड्या अंतरावरच क्षीण होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे उत्तर सापडले, ते ऐकून आजही नवल वाटते: साधा कोरडा कागद. तारेभोवती सैल गुंडाळलेल्या कागदात अडकलेली हवा हाच उत्तम विद्युतरोधक. त्यावर शिशाचे अखंड आवरण. कागद कोरडा आहे तोवर आवाज स्वच्छ. शिशाला टाचणीएवढे भोक पडले, की तोच कागद टीपकागदासारखा पाणी ओढून घेतो आणि ते केबलच्या आत दूरवर पसरते.

आणि भोक पडते ते बहुधा जोडापाशी. केबल कारखान्यातून ठरावीक लांबीचीच येते. दर काही अंतरावर दोन टोके जोडावीच लागतात. कागदी केबलचा जोड करणारा कारागीर खड्ड्यात बसून शेकडो तारा एकेक करून पिळून जोडी, प्रत्येकीवर कागदाची नळी सरकवी, उकळते मेण ओतून उरलासुरला ओलावा घालवी आणि वर शिशाची बाही चढवून तिच्या कडा हाताने झाळून बंद करी. घामाचा थेंब आत पडला तरी जोड बिघडे. माझ्या मते दूरध्वनीच्या इतिहासात संशोधकांची नावे भरपूर येतात, या कारागिरांच्या वाट्याला मात्र एक ओळही येत नाही, हे खटकण्यासारखे आहे.

पुढे मोठ्या केबलांत दाबाखाली कोरडी हवा भरण्याची युक्ती आली. भोक पडले तर पाणी आत शिरण्याऐवजी हवा बाहेर पडते आणि केंद्रातल्या दाबमापकाचा काटा उतरताच बिघाडाची वर्दी मिळते.

पाणी शिरल्यावर नेमके काय घडते, हेही पाहू. दूरध्वनी केंद्र तारेवर सुमारे ४८ व्होल्टची एकदिश वीज ठेवते आणि बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडलेले असते. हे मुद्दाम केलेले आहे. ओल्या मातीत धन बाजूचे तांबे विरघळते. तार जमिनीच्या मानाने ऋण ठेवली तर ती वाचते. मात्र ओल्या जोडात जोडीच्या दोन तारांमध्येच वीज वाहू लागली, की एक तार हळूहळू झिजते आणि तिच्यावर हिरवट क्षार साचतात. दरम्यान, पाण्यातून वाहणाऱ्या विजेमुळे केंद्राला वाटते की ग्राहकाने फोन उचलला आहे. बाहेरून फोन करणाऱ्याला 'लाइन बिझी' ऐकू येते. घरात तर रिसीव्हर जागेवरच असतो.

आता खानदेशची माती. तापीकाठची खोल काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. कापसासाठी ही जमीन वरदान, पुरलेल्या केबलसाठी शिक्षा. मे महिन्यात माती आक्रसते, जूनमध्ये फुगते. या ओढाताणीत सर्वांत आधी जोड सैल होतो आणि भेगांतून उतरणारे पहिले पाणी थेट त्याच्यापर्यंत पोचते. कमी पावसाच्या प्रदेशात पहिलीच सर का घातक ठरे, याचा मोठा उलगडा इथे होतो. पांझरेच्या काठी फड पद्धतीने शतकानुशतके पाणी हव्या त्या शेतात अचूक नेले गेले. दूरध्वनीवाल्यांपुढे याच मुलखात नेमका उलटा प्रश्न होता.

फोन मुका होणे ही केवळ गैरसोय नव्हती. मोबाइल येण्यापूर्वी रावेर-यावलच्या केळीचा आणि जळगावच्या सरकीचा भाव फोनवरच ठरे. गल्लीतल्या एकुलत्या फोनवरून रात्री डॉक्टरला बोलावले जाई. आणि संकट येण्याची शक्यता सर्वाधिक त्याच पावसाळ्यात लाइन बंद.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कागद गेला, पॉलिथिन आले आणि तारांमधल्या पोकळीत पेट्रोलियम जेली भरली जाऊ लागली. आपल्याकडे अशा जेलीभरल्या केबल १९८० च्या दशकापासून पसरल्या. पाणी आत शिरले तरी पुढे सरकत नाही, हा तिचा मोठा गुण. गंमत अशी, की जोड करताना हीच जेली वैरीण होते. तारा आणि आवरण नीट पुसून घेतले नाही, तर उष्णतेने आक्रसणारी प्लॅस्टिकची बाही आवरणाला घट्ट चिकटत नाही. पाणी अडवण्यासाठी भरलेला पदार्थ पाण्याला वाट करून देतो! संध्याकाळी घाईने आटोपलेला जोड पुढच्या पावसाळ्यात बोलतो, हे जुन्या लाइनमनांना ठाऊक असे.

तांब्याची ती केबल आता मागे पडली. तिच्या जागी आलेल्या काचतंतूतून प्रकाश धावतो, त्यामुळे पाण्याने वीज गळण्याचा प्रश्न उरला नाही. पण ओलाव्याने काचेतील सूक्ष्म तडे वाढतात, म्हणून जोडाची पेटी जलरोधकच लागते. हे तंतू ज्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या नळ्यांतून नेतात, तशा नळ्या जळगावचा जैन उद्योगसमूहही बनवतो. पिकाच्या मुळाशी थेंबथेंब पाणी पोचवणाऱ्या ठिबक सिंचनासाठी देशभर ओळखला जातो, तोच.