डफ एकोडीत, कागद कचेरीत

राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्लंडमधल्या एखाद्या लहान गावाचा इतिहास लिहायचा असेल, तर अभ्यासकाचे निम्मे काम त्या गावच्या वर्तमानपत्राने करून ठेवलेले असते. तिथे जाहिरातीवरचा कर १८५३ साली उठला, वर्तमानपत्रावरचा मुद्रांक १८५५ मध्ये गेला आणि कागदावरचा कर १८६१ मध्ये. त्यानंतर चार-पाच हजार वस्तीच्या गावातही आठवड्याचे पत्र निघू लागले. वाण्याकडे नवा चहा आला, अमक्याची गाय हरवली, तमक्याच्या घरातले सामान शनिवारी लिलावात निघणार, अशा ओळींनी त्याचे पहिले पान भरलेले असे. आज त्या ओळी वाचताना गावाचा बाजार डोळ्यांपुढे उभा राहतो.

त्याच १८५३ च्या डिसेंबरात नागपुरात तिसरे रघुजी भोसले वारले. त्यांना औरस पुत्र नव्हता. डलहौसीने राज्य खालसा केले आणि भंडारा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. १८६१ साली मध्यप्रांत तयार झाला आणि भंडारा त्यातला एक जिल्हा झाला. साकोली ही त्याची एक तहसील. माझा विषय असलेले एकोडी हे गाव याच साकोलीच्या मुलखातले, तळी-बोड्यांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या प्रदेशातले. म्हणजे राणी तीच, कायद्यावरची मोहर तीच; पण एकोडीचे वर्तमानपत्र नव्हते. १९०१ च्या शिरगणतीतसुद्धा मध्यप्रांतात शंभरात पाच माणसांनाही लिहिता-वाचता येत नव्हते. इथली जाहिरात कानाने वाचली जाई. तिचे नाव दवंडी.

मी विद्यापीठात इतिहास शिकलेली नाही. माझे वडील कचेरीपुढे बसणारे अर्जनवीस होते. लाकडी पेटी, दौत, मुद्रांकांचे पाकीट आणि कापडी बांधणीची दोन-तीन कायद्यांची पुस्तके एवढाच त्यांचा संसार. शाळेच्या सुटीत मी त्यांच्याजवळ बसून ती पुस्तके गोष्टीसारखी वाचत असे. पुढे चार्ल्स ग्रँटचे १८७० चे मध्यप्रांताचे गॅझेटियर हाती लागले, रसेलचे लेखन हाती लागले, आणि लक्षात आले की बाजाराचे वर्णन गॅझेटियरात सापडते, पण बाजारात काय पुकारले गेले असेल याचा पत्ता कायद्याच्या कलमांत लागतो. इतिहासकार कलमांकडे क्वचितच या नजरेने पाहतात. अर्जनवीसाच्या मुलीला मात्र ती नजर आयतीच मिळाली होती.

आधी बाजार पाहू. या मुलखात रोजचे दुकान ही फार उशिरा आलेली गोष्ट. गरज भागायची ती आठवडी बाजारात, आणि बाजार भरायचा तो पाच-सात गावांत मिळून एका गावी. मोजमाप वजनाचे कमी आणि मापाचे जास्त. पायली, कुडो, वीस कुडोंची एक खंडी. धान हेच बहुतेकांचे चलन. मजुरी धानात, बलुते धानात, उधारी धानात आणि व्याजही धानात. रुपया लागे तो सरकारी हप्त्याला आणि मिठाला. ढिमरांच्या टोपल्यांत तळ्यातले मासे आणि शिंगाडे असत. कोहळ्यांच्या उसाचा गूळ असे. ज्या कोहळी पाटलांनी या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा केले, त्यांचेच ऊस हे दुसरे लाडके पीक. गोंड बाया जंगलातून मोहफुले, चारोळी, लाख, बिबे घेऊन येत. कोष्ट्यांकडे कोशाचे कापड, पवनीकडची रेशीमकाठी लुगडी-धोतरे; महार विणकरांकडे जाडेभरडे, टिकाऊ, अंगावर वर्षे काढणारे कापड; आणि भंडाऱ्याची पितळी भांडी. मीठ मात्र दुरून येणार. बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून, आणि मधल्या काळात सरकारच्या जकातरेषेला कर भरून. ती कुप्रसिद्ध रेषा १ एप्रिल १८७९ रोजी मोडली.

या बाजारावर कर होताच. तो बसवला भोसल्यांनी आणि इंग्रजांनी १८६७ च्या चौदाव्या कायद्याने तो पुढे चालवला. त्याचे नाव पांढरी. मराठी माणसाला हा शब्द सांगायची गरज नाही: काळी म्हणजे शेतीची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण. काळीवर राबणारा शेतसारा भरतो, मग पांढरीत बसून विणणारा, विकणारा, घडवणारा का सुटावा? इंग्रजी कायद्याच्या मथळ्यावर हा अस्सल गावरान शब्द जसाच्या तसा बसलेला पाहून मला दर वेळी हसू येते.

बाजार बदलत होता. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आले. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची कापडगिरणी सुरू झाली आणि तिला एम्प्रेस हे नाव मिळाले. घोषणा दिल्लीत झाली, पण महार आणि कोष्टी विणकरांना ती गिरणीच्या सुताच्या भावातून ऐकू आली. १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत नागपूरहून राजनांदगावकडे छोट्या रुळांची गाडी धावू लागली. पुढे ती बंगाल-नागपूर कंपनीकडे गेली आणि रूळ मोठे झाले. तुमसर रोड, भंडारा रोड ही स्थानके धान ओढू लागली. १८७९ च्या जुलैत पाव आण्याचे पोस्टकार्ड आले, १८८० पासून टपालातून मनीऑर्डर जाऊ लागली. भाव आता नागपुरात ठरू लागला. एकोडीच्या शेतकऱ्याने ज्या भावाने धान उधार घेतले आणि ज्या भावाने फेडले, त्यांतले अंतर सावकाराच्या वहीत वाढत गेले.

आणि इथून दवंडी निराळी होते.

दवंडी देणारा कोतवाल. या भागात तो बहुधा महार. त्याला मोबदला मिळे तो हंगामाला प्रत्येक घरून धानाचा. गावातला जन्म, मृत्यू, चोरी, पटकी, सगळ्याची वर्दी ठाण्यात नेणारा तोच. आणि वरून आलेला हुकूम गावात आणणाराही तोच. डफ कातड्याचा, म्हणून वाजवणारा वेशीबाहेरचा. पण त्याच्या आवाजाशिवाय सरकारचा शब्द गावात शिरत नाही, अशी ही रचना. कागद सहसा त्याला वाचता येत नसे. कुणीतरी तो वाचून दाखवायचा, कोतवालाने लक्षात ठेवायचा आणि चौकाचौकांत बोलायचा. माझ्या लहानपणी, सत्तरच्या दशकातही, संध्याकाळी डफडे वाजले की आई चुलीपुढून उठून दारात येई. "आयका होऽऽ आयका" एवढे ऐकू येई. पुढचे कधी कळे, कधी शेजारणीला विचारावे लागे. "का म्हने वो बाई?" हा प्रश्न त्या दवंडीचा उरलेला अर्धा भाग होता.

इंग्रजांनी हे जुने साधन मोडले नाही. त्यांनी ते कायद्यात घातले. त्यासाठी दोन कायदे शेजारी ठेवून वाचावेत.

पहिला १८७१ चा, गुरांच्या आगळिकीचा. म्हणजे कोंडवाड्याचा. दुसऱ्याच्या शेतात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालायचे. म्हशीला आठ आणे, गायी-बैलाला चार आणे, बकरीला एक आणा दंड, वर चाऱ्याचा खर्च. सात दिवसांत मालक आला नाही, तर ठाण्यात वर्दी द्यायची. तिथल्या अधिकाऱ्याने कचेरीत ठळक जागी नोटीस लावायची. किती जनावरे, कशी, कुठे धरली, कुठे कोंडली. आणि मग गावात, तसेच जिथे जनावर धरले तिथून सर्वांत जवळच्या बाजारात, डफ वाजवून पुकारा करायचा. पुढे आणखी सात दिवस कुणी आले नाही तरच लिलाव. 'सर्वांत जवळच्या बाजारात' हे शब्द ज्याने घातले त्याला खेडे माहीत होते. बैल हरवलेला माणूस आज नाही तर येत्या बाजाराच्या दिवशी तिथे येणार, हे त्याला ठाऊक होते.

दुसरा कायदा १८८२ ची दिवाणी संहिता. यातला मामला बैलाचा नसून जमिनीचा. भोसल्यांच्या काळात गावचा पाटील सारा गोळा करी. गाव विकण्याचा हक्क त्याला नव्हता. १८६० च्या दशकातल्या जमाबंदीत इंग्रजांनी मालगुजारांना मालकी दिली. जे मालकीचे झाले ते गहाण पडू शकले, आणि जे गहाण पडले ते हुकूमनाम्याखाली विकले जाऊ शकले. या विक्रीची दवंडी कशी द्यायची? संहिता सांगते, त्या मिळकतीवर किंवा तिच्या लगत, डफ वाजवून वा चालत आलेल्या रीतीने पुकारा करावा. मिळकतीच्या ठळक भागी कागद लावावा. एक प्रत न्यायालयाच्या इमारतीवर लावावी. सारा भरणारी जमीन असेल तर एक प्रत कलेक्टरच्या कचेरीत. न्यायालयाला वाटल्यास सरकारी गॅझेटात आणि स्थानिक वर्तमानपत्रात छापावे. तो खर्च विक्रीच्या खर्चात धरावा. म्हणजे शेवटी कर्जदाराच्याच माथी, आणि तेही त्याला वाचता न येणाऱ्या ओळींसाठी.

इथे बाजार नाही. बैलाच्या पुकाऱ्याला बाजार सांगितला, जमिनीच्या पुकाऱ्याला नाही. बांधाच्या कडेला वाजलेला डफ ऐकतो कोण? शेजारचा नांगऱ्या, गुराखी, तळ्यावर धुणे धुणारी बाई. गिऱ्हाईक होऊ शकेल असा माणूस तिथे नसतो. तो कचेरीपाशी असतो, जिथे कागद लागतो.

खरी मेख पुढच्या कलमात आहे. स्थावर मिळकतीची विक्री निदान तीस दिवस उलटल्याशिवाय करू नये, असे संहिता म्हणते. ही मुदत कर्जदाराच्या सोयीची; तेवढ्यात त्याने पैसे उभे करावे, भाऊबंदांना विचारावे. पण हे तीस दिवस मोजायचे कधीपासून? डफ वाजल्यापासून नव्हे. न्यायालयाच्या इमारतीवर प्रत लागली त्या दिवसापासून. कचेरी साकोलीत असो की तिथून वीस-पंचवीस मैलांवरच्या भंडाऱ्यात, कागद तिथल्या भिंतीला लागला की दिवस सुरू झाले. चपराशी एकोडीत चार दिवसांनी पोचला काय आणि पावसाळ्यात नाले भरल्यामुळे बारा दिवसांनी पोचला काय, मोजणी तिकडे चालूच. डफ ठेवला, पण घड्याळ कागदाच्या हाती दिले. माझ्या मते या भागातल्या गेल्या दीडशे वर्षांच्या जमिनींच्या इतिहासात या एका ओळीइतके महत्त्वाचे दुसरे काही थोडेच असेल. सावकाराच्या लबाडीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच आहे. पण लबाडीची गरज न पडताही गाव हातचे जाऊ शकत होते.

कायदा अगदीच निर्दय नव्हता, हेही सांगायला हवे. शेतकऱ्याची अवजारे आणि पोटापुरती गरजेची जनावरे जप्तीतून वगळलेली होती. हुकूमनामा मिळवणाऱ्या सावकाराला न्यायालयाच्या उघड परवानगीशिवाय स्वतः बोली लावता येत नसे. पुकाऱ्यात वा विक्रीत ढोबळ चूक झाली असेल, तर विक्रीपासून तीस दिवसांत ती रद्द करून मागता येत असे. पण नुसता डफ वाजला नाही हे दाखवून भागत नव्हते. त्यामुळे आपले मोठे नुकसान झाले, हेही सिद्ध करावे लागे. अवधमधल्या एका खटल्यात तीस दिवस पुरे होण्याआधीच विक्री झाली होती. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १८९३ साली निकाल लागला, की ही ढोबळ चूक खरी, पण तेवढ्याने विक्री आपोआप रद्द होत नाही, नुकसान दाखवा. अवधच्या तालुकदाराला लंडन गाठता आले. एकोडीच्या माणसाने नुकसान दाखवायचे कसे? आपले शेत आणखी किती किमतीला गेले असते, हे सांगायला बोली लावणारा दुसरा माणूस लागतो, आणि तो तर आलेलाच नसतो, कारण बाजारात पुकारा झालेला नसतो.

पुढे १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा, असे दोन दुष्काळ लागोपाठ आले. धानाच्या मुलखात पाऊस गेला की पीकही जाते आणि उधारीचे मापही. त्या दिवसांत डफाने आणखी एक खबर आणली: कुठे मातीकाम निघाले आहे, कुठे खडी फोडायची आहे, कुठल्या तलावाची पाळ बांधायची आहे. माझ्या आजीच्या तोंडी या काळाला नाव होते ते नुसते 'छप्पनचा'. विक्रम संवत १९५६ चा तो दुष्काळ. तिने तो पाहिलेला नव्हता. तिच्या सासूने सांगितलेला ती सांगे, आणि त्या सांगण्यात नेहमी एक वाक्य येई, की तेव्हा डफ वाजला की लोक घरात जाऊन बसत, कारण काय पुकारणार ते आधीच ठाऊक असे.

१९०८ मध्ये दिवाणी संहिता नव्याने आली, तरी डफाचे शब्द आदेश २१ मध्ये तसेच राहिले. कोंडवाड्याचा कायदाही मोडला गेला नाही. १९७६ च्या दुरुस्तीने स्थावराच्या विक्रीची तीस दिवसांची मुदत पंधरा दिवसांवर आणली, जंगमाची पंधराची सातावर. वडिलांच्या पेटीतल्या प्रतीत या दुरुस्तीची छापील पट्टी चिकटवलेली आहे. 'तीस'वर त्यांनी निळ्या शाईने काट मारली आहे. त्याखालची, मोजणी कुठून करायची ती ओळ, तशीच आहे: न्यायालयाच्या इमारतीवर प्रत लागल्या दिवसापासून.