संस्कृतचे प्राध्यापक आणि वयाची अट

१/ नंदुरबारच्या मैदानावर टेनिसच्या चेंडूने खेळणारा एखादा मुलगा उद्या रणजी करंडकापर्यंत पोहोचला, तर तो बहुधा ‘महाराष्ट्र’ संघाकडून खेळेल. मुंबई आणि विदर्भ यांचे संघ वेगळे. या महाराष्ट्र संघाने आजवर दोनदाच रणजी करंडक जिंकला आणि दोन्ही वेळा कर्णधार होते पुण्यात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर.

२/ देवधरांचा जन्म पुण्यात, १४ जानेवारी १८९२ रोजी झाला. त्याच वर्षी अमेरिकेत ॲमॉस अलोन्झो स्टॅग हा तीस वर्षांचा खेळाडू नव्याने सुरू झालेल्या शिकागो विद्यापीठात रुजू झाला. तिथे त्याने फुटबॉल आणि बेसबॉल या दोन्ही संघांना शिकवले. (हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकी खेळ.) विद्यापीठाने या प्रशिक्षकाला थेट सहयोगी प्राध्यापकाचा दर्जा दिला. खेळ शिकवणे हीच त्याची प्राध्यापकी ठरली.

३/ पुण्यात अशी सोय नव्हती. देवधर १९११ पासून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळत होते. पण पगार मिळे तो सर परशुरामभाऊ महाविद्यालयातील संस्कृतच्या अध्यापनाचा.

४/ डिसेंबर १९२६. गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध मुंबईत देवधरांनी भारतीय संघाकडून १४८ धावा काढल्या. १९२८ मध्ये भारताचे क्रिकेट मंडळ स्थापन झाले आणि जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर पहिली कसोटी झाली. त्या संघात देवधर नव्हते. त्यांचे वय चाळीस होते. कर्णधार सी. के. नायडू स्वतः छत्तीस वर्षांचे होते, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

५/ योगायोग असा की, त्याच १९३२ च्या हंगामानंतर वयाच्या सत्तरीमुळे स्टॅगला शिकागो सोडावे लागले. तो घरी बसला नाही. कॅलिफोर्नियातील पॅसिफिक महाविद्यालयात जाऊन त्याने पुन्हा संघ उभा केला.

६/ इकडे देवधरांची खरी कारकीर्द बहरली ती यानंतर. १९३९-४० मध्ये महाराष्ट्राने प्रथमच रणजी करंडक जिंकला. त्याच हंगामात त्यांच्या संघातील तरुण विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. पुढच्या वर्षी पुण्यात बलाढ्य मुंबईशी गाठ पडली. महाराष्ट्राने ६७५ धावांचा डोंगर रचला, त्यात कर्णधाराच्या २४६! मुंबईने चिवटपणे ६५० पर्यंत मजल मारली आणि अवघ्या पंचवीस धावांच्या आघाडीने महाराष्ट्राची सरशी झाली. २४६ धावा काढणारे हे गृहस्थ तेव्हा ४८ वर्षांचे होते. चाळिशीत ‘म्हातारा’ ठरलेल्या माणसाची ही खेळी! पुढे मद्रासला हरवून करंडक महाराष्ट्राकडेच राहिला.

७/ १९४३ मध्ये एक्क्याऐंशीव्या वर्षी स्टॅगची अमेरिकेत वर्षातील सर्वोत्तम महाविद्यालयीन प्रशिक्षक म्हणून निवड झाली. १९४४ मध्ये बावन्न वर्षांच्या देवधरांनी नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके ठोकली: १०५ आणि १४१.

८/ दोघांनीही शंभरी ओलांडली. स्टॅग १९६५ मध्ये १०२ व्या वर्षी गेला. देवधर २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी. १९७३-७४ मध्ये देवधर करंडक सुरू झाला, तेव्हा तो पाहायला स्वतः देवधर हयात होते. कसोटी सामना मात्र त्यांच्या वाट्याला एकही आला नाही.