तात्या विंचूचे दुसरे येणे

गाजलेल्या कलाकृतीचा दुसरा भाग काढणे हे वडिलांच्या गादीवर बसण्यासारखे आहे. घर, जमीन व नाव ही आयती मिळतात. परंतु ज्या गुणांच्या बळावर वडिलांनी ती मिळविली, ते गुण कोणत्याही मृत्युपत्रात लिहून ठेवता येत नाहीत. देवनारच्या रहिवाशास हा विचार सुचण्यास निमित्त दूर शोधावे लागत नाही. येथील फार्म रोडवरचा राज कपूर यांचा बंगला २०२३ साली विकला गेला. शेजारच्या चेंबुरातील त्यांचा आर. के. स्टुडिओ २०१७ साली आगीत सापडला आणि २०१९ साली तोही विकला गेला. वास्तू गेल्या, चित्रपट राहिले. मग चित्रपटाचा खरा वारसा तरी कशात असतो?

या प्रश्नाचे उत्तर आम्हास एका अगदी निराळ्या चित्रपटाने दिले. पावसाळ्यातील एका रविवारी महेश कोठारे यांचा १९९३ सालचा ‘झपाटलेला’ आणि त्यांनीच दिग्दर्शित केलेला २०१३ सालचा ‘झपाटलेला २’ हे दोन्ही आम्ही घरी लागोपाठ पाहिले. दुसऱ्याविषयी आमचे मत पूर्वीही फारसे चांगले नव्हते. परंतु पहिला पाहिला तेव्हा आम्ही तरुण होतो. तेव्हा दोष चित्रपटाचा की आमच्या सरलेल्या वयाचा, अशी शंका मनात होती. म्हणून पहिला भाग कधी न पाहिलेली घरातील मुले आम्ही मुद्दाम जवळ बसविली.

मूळ कल्पना उसनी आहे हे प्रथमच सांगितले पाहिजे. मरणाऱ्या गुन्हेगाराचा आत्मा बाहुलीत शिरतो, हे कथाबीज १९८८ सालच्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटाचे. पण ते येथील मातीत रुजले, कारण बोलक्या बाहुलीची परंपरा महाराष्ट्राच्या ओळखीची होती. यशवंत पाध्ये यांचा अर्धवटराव १९१६ सालचा. त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी ही शब्दभ्रमाची कला पुढे चालविली आणि तात्या विंचूचा बाहुला त्यांनीच घडविला. त्यास आवाज मिळाला दिलीप प्रभावळकर यांचा.

शब्दभ्रमाच्या खेळात बाहुली लाकडाची आहे हे प्रत्येक प्रेक्षकास ठाऊक असते. तरीही ती जिवंत वाटते, कारण शेजारी बसलेला माणूस तिचे म्हणणे मनापासून ऐकत असतो. तिने टोमणा मारला की तो ओशाळतो. बाहुलीचा जीव तिच्या जबड्यात नसून ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. पहिल्या चित्रपटात तो चेहरा लक्ष्मीकांत बेर्डे यांचा होता. बोलक्या बाहुल्यांचा वेडा असा भोळा लक्ष्या खरे तेच सांगतो आणि कोणीही त्यावर विश्वास ठेवीत नाही. तो घाबरतो म्हणून आपण घाबरतो. त्याची फजिती होते म्हणून हसतो. आणि त्यास वेड्यात काढतात तेव्हा हसता हसता पोटात तुटते. आमच्या मुलांनी बेर्डे यांचे नावही नीट ऐकलेले नव्हते, तरी ती नेमकी तेथेच हसली आणि तेथेच आमच्या जवळ सरकली. आमची शंका फिटली.

दुसऱ्या भागाकडे साहित्य कमी नव्हते. तोच दिग्दर्शक, तोच बाहुला, तोच आवाज. शिवाय त्रिमितीचे नवे तंत्र. नव्हते ते लक्ष्मीकांत बेर्डे. २००४ सालीच ते निवर्तले होते. कथेत लक्ष्याची जागा त्याचा मुलगा आदित्य घेतो, आणि ती भूमिका दिग्दर्शकाचे पुत्र आदिनाथ कोठारे यांनी केली आहे. त्यांच्यात उत्साह आहे, देखणेपण आहे; त्यांस दोष देणे अन्यायाचे होईल. अडचण कथेतच आहे. पहिल्या भागातील नियम असा की, तात्याने आपले गुपित ज्यास प्रथम सांगितले त्याच्याच देहात त्यास शिरता येते. हाच नियम प्रेक्षकासही लागू पडतो, असे आम्हास वाटते. गुपित पहिल्यांदा एकदाच सांगता येते. १९९३ साली तात्याने ते आपणा सर्वांना सांगितले. वीस वर्षांनी त्याची ओळख साऱ्या महाराष्ट्रास झालेली होती. त्याचे बोलणे आता कोणासही अशक्य वाटत नाही, उलट ओळखीचा पाहुणा आल्यासारखे आपण त्याचे स्वागत करतो. खऱ्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, ही जी पहिल्या कथेची कळ होती, तीच येथे निखळली आहे. तिची उणीव भरून काढण्यासाठी वस्तू पडद्याबाहेर आपल्या अंगावर येतात. त्यांनी डोळे दिपतात, परंतु छातीत धडकी भरत नाही.

पाध्ये पितापुत्रांचे उदाहरण येथे बोलके आहे. पुत्राने वडिलांचा अर्धवटराव सांभाळला, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने तात्या विंचू निर्माण केला. वारसा चालविणे म्हणतात ते हे. दुसऱ्या भागाने मात्र बाहुला सांभाळला आणि त्याचे ऐकणारा माणूस नव्याने घडविण्याचे राहून गेले.

चित्रपट संपल्यावर धाकट्या मुलाने विचारले, “यात लक्ष्या का नाही?” आम्ही त्यास कारण सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “मग पहिलाच परत लावा.” आम्ही तो लावला.