चिंचोटीचे नकाशे



चिंचोटी म्हटले की मुंबईकराला धबधबा आठवतो आणि मालमोटार हाकणाऱ्याला कामण-भिवंडीकडे वळणारा फाटा. सरकारदरबारी मात्र चिंचोटी एक नाही. महसूल खात्याची चिंचोटी सर्व्हे नंबरांची, वनखात्याची तुंगारेश्वर अभयारण्याच्या हद्दीची, महामार्गवाल्यांची सडकेच्या कडेची, वीजवाल्यांची खांबांची. रस्ता खणणाऱ्या कंत्राटी मजुराला मात्र खाली नळ आहे की तार, हे बहुधा कुदळ आपटल्यावरच कळते.

हे सारे नकाशे संगणकात थरावर थर ठेवावेत, ही कल्पना कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी १९६० च्या दशकात राबवली. आपल्याकडे १९८८ साली नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र निघाले. पुढे १३ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्र सरकारचा गतिशक्ती आराखडा आला. रस्ते, रेल्वे, वीज अशा खात्यांची माहिती त्यात एका नकाशावर येते. वसईला याची निकड अधिकच. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती जोडून येथे महानगरपालिका झाली, म्हणजे तितकी दप्तरे एका छपराखाली आली. जुलै २०१८ च्या पुरात मिठागरांत माणसे अडकली, आगगाड्या थांबल्या. डोंगरावरून उतरणारे पाणी वन, महामार्ग, पालिका, रेल्वे अशा सगळ्यांच्या हद्दी ओलांडून खाडी गाठते. त्याची वाट एका कागदावर दिसली पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही.

पण जो नकाशा सगळी खाती मानतील, त्यातली चूकही सगळी खाती मानतील. आम्हांला काळजी आहे ती याची.

मोजणीचा इतिहास पाहा. १५५४ साली पोर्तुगीज अधिकारी सिमाँव बोतेल्यू याने वसईच्या महसुलाची नोंदवही केली, ती राजाचे उत्पन्न कळावे म्हणून. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नवी जमाबंदी सुरू केली; तेहतीस फुटांच्या साखळीने शेते मोजली आणि सारा ठरवला. ती पद्धत इलाखाभर गेली. साखळी ओढणारा गडी कोण, हे कोणत्याही दप्तरात सापडायचे नाही. (आम्ही संघटनेची माणसे, आमचे लक्ष आधी तिकडेच जाते.) ठाणे जिल्ह्यात १९४५ साली वारली वेठीविरुद्ध उठले, तेव्हा जमीन कसणारे ते आणि कागदावर मालक दुसरेच. मग १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. ज्याचे नाव पीकपाहणीत होते त्याचा मार्ग सोपा झाला. ज्याचे नव्हते, त्याला आपण कूळ आहोत हे सिद्ध करता करता नाकी नऊ आले.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ही चूक ओळखली असे आम्ही मानतो. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा, तर गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा धरला जातो. २०१२ च्या दुरुस्तीत तर स्पष्ट लिहिले आहे की उपग्रहाचे चित्र इतर पुराव्यांना जोड म्हणून चालेल, त्यांच्या जागी चालणार नाही. झाडाखालची नाचणी आकाशातून जंगलच दिसते, हे दिल्लीत कोणाला तरी कळले म्हणायचे!

तोच नियम या एकत्रित नकाशालाही लावावा, अशी आमची मागणी आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवणे १९६६ च्या नगररचना कायद्याने बंधनकारकच आहे. तसाच हा नकाशाही पाड्यापाड्यावर, मराठीत, भिंतीवर लागावा. आणि हरकत घ्यायला आलेल्या माणसाला कोणत्या खात्याकडे जायचे ते शोधत फिरावे लागू नये.